उद्या उतरायचं कुठून?

शुक्रवार, रात्रीचे सव्वानऊ. नोव्हेंबर अर्धा सरत आला.

उद्या आमच्या क्लबाची यंदाची शेवटची स्पर्धा, टेक्सासमधल्या लेक फोर्क या तलावावर: कयाकमधून, म्हणजे एकट्याने बसायच्या अरुंद होडीतून, बास हे गोड्या पाण्यातले मासे पकडायचे. घरून, म्हणजे प्लेनोहून, पहाटे निघालं की दीड तासात पोचते, त्यामुळे मी तिकडे मुक्कामाला जात नाही. मोटेलात झोप लागत नाही आणि सकाळचा चहा म्हणून जे देतात ते पिववत नाही. कयाक ट्रेलरवर बांधून झाली, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, रॉड गाडीत गेले. आणि पाण्यात उतरायचं कुठून, हे अजून ठरलेलं नाही.

मोटारबोटवाल्यांना हा प्रश्न एवढा छळत नाही. त्यांची बास बोट ताशी साठ-सत्तर मैलांनी सुटते. एका कोपऱ्यात मासे लागले नाहीत तर थोड्या वेळात ते तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले असतात. माझी कयाक पायडलवर, दम लावून मारले तर ताशी चार मैल. वारा तोंडावर आला की दोन. म्हणजे रॅम्पपासून, होडी पाण्यात सोडायच्या उतारापासून, दोन-तीन मैलांत जे पाणी येईल तेवढाच आपला तलाव, बाकीचा इतरांचा. मध्येच बाहेर येऊन गाडीने दुसऱ्या रॅम्पला जायला आमच्या क्लबात परवानगी आहे. पण कयाक ओढा, बांधा, सोडा, पुन्हा सामान लावा, यात तास-सव्वा तास सहज जातो. माझ्या मते कयाकची निम्मी स्पर्धा आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावरच होते, समोर नकाशा घेऊन.

आणि फोर्कचा नकाशा म्हणजे नुसते फाटेच फाटे. सुमारे २७ हजार एकरांचं पाणी, १९८० मध्ये सबीन नदीच्या उपनदीवर धरण घालून अडवलेलं. पाणी भरताना बरीचशी झाडं तोडलीच नाहीत. आजही मैलोन् मैल वाळलेले खोड पाण्याच्या वर डोकं काढून उभे आहेत आणि त्याहून जास्त पाण्याखाली दडलेले. मोटारबोटींना आखून दिलेल्या वाटा सोडायची भीती वाटते. कयाकला तेवढं भय नाही, खोडाला घासली तर घासली. फोर्कवर आम्हाला मिळणारी ही एक खरी सवलत.

दुसरी सवलत नियमाची. फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवून घेता येत नाही, लगेच सोडावा लागतो. मोठे मासे टिकावेत म्हणून सरकारनेच तसं ठरवलंय. वजनावर चालणाऱ्या स्पर्धेत मासा टाकीत घालून संध्याकाळी काट्यावर आणायचा असतो, म्हणजे तलावातला सगळ्यात चांगला माल हिशेबातून बाद. आमच्याकडे काटाच नाही. पकडा, फोटो काढा, सोडा. लांबी मोजायची, दिवसातल्या सर्वांत लांब पाच माशांची बेरीज करायची. त्यामुळे एकोणीस इंची बास, जो बोटवाल्याला हात लावून परत सोडावा लागतो, तो आम्हाला पूर्ण एकोणीस इंच देऊन जातो.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मासा जाळीत आला की खरी कसरत सुरू होते. मोजपट्टी आधी पाण्यात बुडवून गार आणि ओली करायची. कोरड्या तापलेल्या पट्टीवर मासा उसळतो आणि त्याच्या अंगावरचा चिकट थरही निघतो. मग ती मांडीवर आडवी. माशाचं डोकं डावीकडे, तोंड मिटलेलं आणि पट्टीच्या उभ्या कडेला टेकलेलं. डावा हात कल्ल्याच्या मागे, पण असा की डोळा आणि शेपूट झाकली जाणार नाही. आदल्या संध्याकाळी पाठवलेला कोड कार्डावर लिहून ते कार्डही फोटोत दिसायला हवं. उजव्या हातात फोन. एवढ्यात वारा कयाक फिरवत असतो आणि मासा शेपटी वर उचलतो. शेपटी पाव इंचाच्या रेघेला पोचली नाही तर त्याच्या खालचा पाव इंच धरतात. स्पर्धा पाव इंचाने जिंकलेल्या आणि हरलेल्या मी पाहिल्या आहेत. एकाचा वीस इंचाच्या वरचा मासा तर फोटोच्या आधीच मांडीवरून पाण्यात गेला. तो माणूस निवृत्त फायरमन, आगीत शिरताना डगमगला नसेल, पण त्या दिवशी दहा मिनिटं रॉड खाली ठेवून बसला होता.

आता उद्याचं गणित. मधल्या महिन्यात तलाव उलटला. म्हणजे वरचं पाणी गार होऊन जड झालं, खाली बसलं आणि तळातलं प्राणवायू संपलेलं पाणी वर मिसळलं. त्या दिवसांत मुख्य तलावात मासे कुठेही विखुरलेले असतात, धड काही सापडत नाही. ते आता निवळलंय. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास आलंय आणि शॅड, म्हणजे बासचं मुख्य खाणं असलेले चंदेरी मासे, झुंडीने ओढ्यांच्या आत शिरलेत. शॅड जिकडे तिकडे बास. आपल्याकडे धरणाच्या बॅकवॉटरला बगळे कुठे बसलेत ते पाहून लोक जाळं टाकतात ना, इथेही पहाटे मी आधी बगळेच शोधते. मासे शोधणाऱ्या यंत्रावर हजार डॉलर घालवलेले लोकही शोधतात, फक्त कबूल करत नाहीत.

या सगळ्यात भर म्हणून उद्या दुपारी नॉर्दर, म्हणजे उत्तरेकडून अचानक घुसणारी थंड हवा, येतोय. सकाळी दक्षिणेचा उबदार वारा, ढग, अंगाला थोडा चिकटपणा. मग अकरा ते एकच्या मध्ये केव्हातरी वारा गर्रकन फिरणार, उत्तरेकडून ताशी वीस-पंचवीस मैलांनी सुटणार आणि तासाभरात स्वेटर बाहेर. असा नॉर्दर यायच्या आधी बास पिसाळल्यासारखे खातात. तो येऊन गेला, आकाश निळंशार झालं, की तोंड मिटून खोडाला चिकटून बसतात. म्हणजे काय ते पहिल्या चार-पाच तासांत उरकायचं.

माझ्यापुढे रॅम्प दोन. पहिला धरणाच्या बाजूचा. तिथे खोल पाणी आणि काठाची पाण्याखाली लांब उतरत गेलेली टोकं आहेत. मोठा मासा तिथे आहे, याबद्दल मला शंका नाही. १९८६च्या नोव्हेंबरातच मार्क स्टीव्हन्सन या गाइडने फोर्कमधून १७.६७ पौंडांची मादी काढली होती. तिचं नाव एथेल ठेवलं. मोठे बास राज्याला प्रजननासाठी उसने देण्याची टेक्सासची योजना तिच्यापासूनच सुरू झाली आणि पुढे ती मिझूरीतल्या एका दुकानाच्या काचेच्या टाकीत कित्येक वर्षं लोकांना दर्शन देत होती. १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअरने तिचा राज्याचा विक्रम मोडला, १८.१८ पौंड. तो बाससाठी गेलाच नव्हता, क्रॅपी नावाच्या दुसऱ्याच माशासाठी गळाला छोटा मासा लावून बसला होता. राज्याचा विक्रम आजही तोच आहे. हे सगळं वाचलं की माणूस खोल पाण्याकडे ओढला जातो. पण दुपारी उत्तरेचा वारा तलावाची सगळी लांबी घेऊन नेमका त्या धरणाकडेच येऊन आदळणार. बारा फुटांच्या कयाकमध्ये मला तिथे असायचं नाही.

दुसरा रॅम्प एका ओढ्याच्या पार आतल्या टोकाला. नाव लिहीत नाही, कारण हे वाचणाऱ्यांपैकी दोघं उद्या पाण्यात आहेत. पाणी तीन ते सहा फूट, खोडं, मधून ओढ्याचं जुनं पात्र, उत्तरेच्या काठाला उंच झाडी. वारा फिरला तरी त्या काठाखाली बसून मासेमारी चालू ठेवता येईल. चोवीस इंची बाई तिथे भेटण्याची शक्यता कमी. पण सतरा-अठराचे पाच तिथे मिळू शकतात.

फोर्कवर उद्या जिंकायला माझ्या अंदाजाने नव्वद इंच लागतील, म्हणजे सरासरी अठरा. ढग लवकर फाटले तर पंच्याऐंशीवरही काम होईल. वर्षाच्या गुणांत पहिल्या दोघांत इतका कमी फरक आहे की त्या दोघांना जोखीम घ्यावीच लागेल, आणि दोघंही पाण्याखालचं समोरचं थेट पडद्यावर दाखवणारा सोनार घेऊन खोल पाण्यात जातील. जाऊ देत. त्या यंत्रावरून क्लबात रोज वाद होतात. माझं मत विचाराल तर यंत्राने मासा दिसतो, खायला लावता येत नाही. तीन फूट पाण्यात तर ते बंदच ठेवलेलं बरं. मी स्वतः गुणांत मधे कुठेतरी आहे. वर जाण्यासारखं फार नाही, खाली घसरण्यासारखंही नाही.

संध्याकाळी सांगलीला फोन केला, तिकडे सकाळ होती.

"पाणी गार असेल ना गं तिकडं?"

"आहे आई. आत घालायचा पाणी न शिरणारा सूट घेतलाय, जॅकेट पण आहे."

"जॅकेट अंगात घाल. नुसतं घेऊन काय करतीस?"

क्लबाचा नियमही तोच आहे. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगावर, नाहीतर बाद. कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे. सकाळी सत्तर अंश असतील म्हणून टी-शर्टवर येणारे उद्याही दोन-तीन निघतील.

तर ठरलं, आतला ओढा. अंधारात पांढरा दिवा लावून उतरायचं. पावणेसातला उजाडेल तेव्हा पहिल्या खोडांच्या रांगेशी असायला हवं. पहिला अर्धा तास बझबेट हे खोटं आमिष पाण्यावरून फडफडवत, मग पांढरा स्पिनरबेट (चकाकत्या पात्यांचं आमिष) आणि चौकोनी ओठाचा क्रँकबेट (छोट्या माशाच्या आकाराचं) खोडांना मुद्दाम आपटत. वारा फिरला की वीस पौंड पेलणाऱ्या लाइनवर टेक्सास रिग, म्हणजे गळाचं टोक आत लपवलेलं मऊ प्लॅस्टिकचं आमिष, काळं-निळं, एकेका बुंध्याला दोन-दोनदा. दहापर्यंत तीन मासे पट्टीवर आले नाहीत तरी हलायचं नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. तेव्हा डोकं चालत नाही.

थालीपिठं डब्यात भरली, थर्मास धुऊन ठेवला. गजर साडेतीनचा. रॅम्पवर आधीच कुणाचा ट्रेलर उभा असेल तर असू दे, ओढा तेवढा लांब आहे.