टपावरचे चार फोड

काळा रंग धूळ दाखवतो, पिवळा रंग खालचं सगळं दाखवतो. मुंबईच्या टॅक्सीत दोन्ही आहेत, म्हणून काळी-पिवळी पद्मिनी आली की आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी हसत नाही.

आम्ही गाड्यांची मॉडेल्स करतो, बहुतेक 1:24 मापात. म्हणजे पद्मिनी जेमतेम सोळा सेंटिमीटरची होते. बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करायची, आयपीएमध्ये म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, यूव्ही दिव्याखाली पक्की करायची, मग प्रायमर, रंग, डीकॅल म्हणजे नंबर-अक्षरांची पातळ छापील पट्टी, आणि शेवटी क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. माणसं तीन. मी, एक एकवीस वर्षांचा पोरगा आणि मामा. मामांनी तीस वर्षं खऱ्या गाड्यांवर रंगाची गन चालवली आहे. तोंडाला रुमाल बांधून चालवली, त्यामुळे आता ते खोकतात आणि पोराने कार्ट्रिजचा मास्क घातल्याशिवाय त्याला हार्डनरच्या डब्याला हात लावू देत नाहीत.

पद्मिनीची मागणी कशी वाढली ते सांगायला हवं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. ती असताना दाराचं हँडल हातात आलं म्हणून शिव्या देणारे लोक, ती गेल्यावर शोकेससाठी मागायला लागले. त्या हिवाळ्यात मी दोन केल्या. एक ठाण्याला गेली, एक न्यू जर्सीला. दोघांनाही टपावरचं कॅरिअर नको होतं. माझ्या मूळ फाइलमध्ये कॅरिअरच्या पायांसाठी टपाला चार भोकं होती. ती मी बुजवली. पाच मिनिटांचं काम. ही भोकं लक्षात ठेवा, मी ठेवली नव्हती.

या जुलैत परळचे एक गृहस्थ आले. वडिलांनी एकतीस वर्षं टॅक्सी चालवली, त्यांना पंचाहत्तरीला द्यायची होती. नंबर तोच हवा, मीटर बाहेर डाव्या बाजूला हवं, डिकीवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ हवं. कॅरिअर नको, वडिलांनी ते शेवटी काढून टाकलं होतं. हातात सोळा दिवस.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. खऱ्या पद्मिनी टॅक्सीला क्लिअर कोट नव्हताच, नुसता रंग. मॉडेलला तो मारावा लागतो कारण डीकॅल उघडी राहिली तर कडा सुटतात. आणि मापाचा हिशेब क्रूर असतो. खऱ्या गाडीवर क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा बसतो. त्याला चोवीसने भागा, दोन मायक्रॉन येतात. इतका पातळ थर कोणाचा बाप मारू शकत नाही. म्हणून आम्ही जितका मारू तितका तो जादाच. दाराच्या फटी त्यात बुडायला लागतात आणि मॉडेल साखरेच्या पाकातून काढल्यासारखं दिसतं. इंटरनेटवर बघून आलेले लोक म्हणतात, “अजून एक हात मारा ना, चमकू दे.” चमकू दे म्हणणाऱ्याने जत्रेतली गाडी घ्यावी.

पहिल्या दिवशी काळा पांढुरका पडला. ते अपेक्षित होतं. बाहेर धो-धो पाऊस, आत 27 अंश, आर्द्रता 85 टक्के. अशा हवेत दव पडायला पृष्ठभाग तीन अंश गार झाला तरी पुरे होतो, आणि जलद उडणारं थिनर उडताना तेवढं गार सहज करतं. मग हवेतलं पाणी ओल्या रंगात बसतं आणि काळा कोट राखेसारखा होतो. उपाय सोपा. हळू उडणारं थिनर घेतलं, एक हलका धुरकट हात मारला, काळा परत आला. मामा म्हणाले, “हवा ओली आहे, रंग रडणारच.” मामांचं हे वाक्य बारमाही आहे. उन्हाळ्यात ‘हवा’ऐवजी ‘ऊन’ येतं, एवढाच फरक.

पुढे धोका नको म्हणून मी वाळवणीचा डबा काढला. आंबे-टोमॅटो सुकवायचं यंत्र असतं ना, तेच. 45 अंशावर ठेवलं की रंगाला पावसाळा कळत नाही. पिवळ्याखाली पांढरा, मग पिवळ्याचे तीन पातळ हात, डीकॅल, मग टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं, दोनास एक हार्डनर. गनला 0.3 ची सुई, हवेचा दाब 20 पीएसआय. रात्री डब्यातून काढली तेव्हा टप आरशासारखा होता. मी फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला. हा गाढवपणा मी दर वेळी करतो.

सकाळी टपावर दोन फोड. एक पुढे डावीकडे, एक मागे उजवीकडे. मोहरीएवढे, त्यातला एक फुटून खड्डा झालेला.

टू-के क्लिअरमधला हार्डनर पाण्याशी जुळला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बारीक बुडबुडे होतात. मी म्हटलं, हवेच्या नळीत पाणी. मॉइश्चर ट्रॅप उघडला, कोरडा ठणठणीत. तरी बदलला. बॉडी खरवडत बसायला वेळ नव्हता, दुसरी प्रिंट केली, सगळं पुन्हा. तिसऱ्या रात्री क्लिअर, सकाळी तीन फोड.

मग माझं डोकं फिरलं. मी थिनरवर आलो. सुटं थिनर म्हणजे नशिबाचा खेळ असतो. डब्यावर काही लिहिलेलं असो, आत कधी काय असेल सांगता येत नाही. बंदीच्या आधी घेऊन ठेवलेले प्लास्टिकचे चमचे आमच्याकडे चाचणीला असतात. एकावर तेच क्लिअर, तेच थिनर मारलं. दहा मिनिटांत चमच्यावर जळमटासारख्या भेगा. मी तो चमचा घेऊन भर पावसात दुकानात गेलो आणि दुकानदाराशी भांडलो. चार लोक बघत होते. परत येऊन चमचा मामांपुढे आपटला.

मामांनी उलटसुलट केला. “याला प्रायमर मारलं होतंस का?”

नव्हतं मारलं. चमचा पॉलिस्टायरिनचा. उघड्या पॉलिस्टायरिनला असलं कडक थिनर लागलं की तेच चिरफाळतं, थिनर चांगलं असलं तरी. हे मी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. शिवाय आमच्या टपावर भेगा नव्हत्या, फोड होते. मी एका रोगाचा पुरावा दुसऱ्या रोगाला लावत होतो. दुकानदाराकडे आता पोराला पाठवतो.

आणि पोरगा. त्या आठवड्यात तो केसांना चमक आणणारं काहीतरी सीरम लावून येत होता. त्यात सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनचा बोटभर स्पर्श झाला तरी रंग तिथून पळतो, गोल डोळे पडतात. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. केस शिंकले का तुझे बॉडीवर, वगैरे. तो म्हणाला, “काका, मी ग्लव्हज घालूनच हात लावतो.” मी म्हटलं, उलट बोलू नकोस.

आता शांतपणे लिहिताना लाज वाटते, कारण मला फरक माहीत होता. सिलिकॉनचा डोळा रंग ओला असतानाच उघडतो, मारता मारता समोर दिसतो. जे रात्री आरशासारखं असतं आणि सकाळी उठतं, ते वरून आलेलं नसतं, खालून आलेलं असतं. वीस वर्षांचं ज्ञान होतं. पण क्लिअर शेवटी मारतात, म्हणून दोष क्लिअरमध्ये शोधायचा, ही खोड त्या ज्ञानाहून जुनी निघाली.

सुटका बटर पेपरने केली. दोन्ही बॉड्या टाकून द्यायच्या आधी पोराने फोडांच्या जागा बटर पेपरवर टिपून ठेवल्या होत्या. मी सांगितलं नव्हतं. पहिल्या बॉडीचे दोन, दुसरीचे तीन. त्याने एकावर एक कागद ठेवून दिव्यासमोर धरला आणि काही न बोलता माझ्यापुढे केला. एक फोड दोन्हींत सामाईक. सगळे मिळून चार ठिपके, टपावर आयताकृती. डावी-उजवी बरोबर सारखी. हवा असा आयत काढत नाही. सीरमही नाही.

कॅरिअरचे चार पाय.

फाइल उघडली. भोकं बुजवताना मी वरून पातळ कातडं चढवलं होतं, 0.3 मिलिमीटरचं. आणि टप वाकू नये म्हणून आतूनही भिंत जाड केली होती. त्यामुळे दोन्हींच्या मध्ये चार बंद पोकळ्या राहिल्या, सव्वा मिलिमीटर व्यासाच्या. रेझिनच्या टबात छापताना बंद पोकळीत ओलं रेझिन अडकतंच, जाणार कुठे? आयपीए तिथे पोचत नाही, यूव्ही नीट पोचत नाही. एरवी ते गपचूप बसतं. 45 अंशाच्या डब्यात ठेवलं की फुगतं, वरचं कातडं मऊ करतं आणि रंग उचलतं. पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, टपाला आतून भोक पाडलं, सुईच्या टोकाएवढा चिकट थेंब बाहेर आला. तो वास ओळखायला मामांना नाक जवळ न्यावं लागलं नाही.

“म्हणजे हवामानच,” मामा म्हणाले. मी चिडलो, पण त्यांचंही खरं होतं. पाऊस नसता तर मी डबा लावला नसता.

तिसरी बॉडी पोकळ्या भरून टाकून छापली. क्लिअरचे दोनच हात, 2000 नंबरचा घासायचा पेपर पाण्यातून, मग पॉलिश. मीटरच्या दांडीवर थोडी घाई दिसते, ती मला दिसते. गृहस्थ वेळेवर घेऊन गेले. वडिलांनी ती हातात घेतल्यावर आधी उलटी करून खालचा भाग बघितला म्हणे. टॅक्सीवाला माणूस, टपाकडे कशाला बघेल.

पोराला मी अजून नीट काही बोललो नाही. तो सीरम लावून येत नाही, केस काटेरी झालेत. “लाव रे, काही होत नाही,” असं एकदा म्हणालो. तो “हं” म्हणाला.

पण झोप लागत नाही ती दुसऱ्याच कारणाने. ठाण्याची आणि न्यू जर्सीची गाडी त्याच फाइलमधून निघाल्यात. त्या हिवाळ्यात वाळवल्या, डबा लागला नव्हता. म्हणजे आठही पोकळ्या अजून भरलेल्या आहेत. न्यू जर्सीवाल्यांना काय लिहावं, दोनदा लिहून खोडलं. ठाण्याला परवा फोन केला, सहज विचारल्यासारखं. ते म्हणाले, “एकदम झकास आहे हो, हॉलमध्ये खिडकीत ठेवलीय, दुपारचं ऊन काय मस्त पडतं तिच्यावर.”

फोटो मागवला. आला. मोठा करून बघितला, पोरालाही दाखवला. मागच्या उजव्या कोपऱ्याशी काहीतरी आहे. उन्हाची चमक असेल. त्याने फोटो बराच वेळ धरला आणि म्हणाला, “काका, खिडकी बंद करून काढायला सांगा.”