काकूंची बाडं

आवराआवरी चालू असताना कुणीतरी सहज म्हणालं, "आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो. ही ब्रेलची बाडं कशाला ठेवायची?" काकूंनी अंध विद्यार्थ्यांसाठी बंदिशी टोचून केलेली बाडं ती. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तरी ते वाक्य मनातून जात नाहीये.

बंदिशीचे शब्द मोबाईल वाचेल. पण छापील स्वरलिपीत कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी, मंद्राचं खालचं टिंब, तारसप्तकाचं वरचं? काकूंनी साठी उलटल्यावर ब्रेल शिकायला घेतलं ते यासाठीच. ब्रेलमध्ये अक्षराच्या वर-खाली खूण करायला जागा नसते. सहा ठिपक्यांचं घर, आणि सगळं एकाच ओळीत. म्हणून काकू प्रत्येक खूण स्वराच्या आधी घालायच्या, म्हणजे बोट स्वरावर पोचण्याआधीच तो कोमल आहे हे कळतं.

ब्रेलच्या पाटीवर कागद लावून उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. पहिली वेलांटी डोळसांच्या लिखाणात अक्षराआधी, इथे नंतर. ओळीत साधारण तीस घरं, त्यामुळे त्रितालाच्या 16 मात्रा एका ओळीत मावत नाहीत. काकू आठ-आठच्या दोन ओळी करायच्या. बंदिश नवव्या मात्रेपासून उठत असेल तर पहिली ओळ 'खाली'पासून, म्हणजे त्या नवव्या मात्रेपासून, दुसरी समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून. सम नेहमी ओळीच्या तोंडाशी, बोटाला शोधावी लागत नाही.

आणि न. न म्हणजे 1, 3, 4, 5 हे ठिपके, म म्हणजे 1, 3, 4. पाचवा ठिपका दबला की निषादाचा (नि) मध्यम (म) झालाच. म्हणून निषादाची वेलांटी त्यांनी कुठेच गाळलेली नाही, द्रुत तानांच्या गर्दीतसुद्धा.

हे सगळं आता कुणाला सांगायचं? काकू असताना विचारायला माणूस होतं. आता प्रश्नही माझेच, उत्तरंही माझीच, आणि वर "कशाला ठेवायची" हेही मीच ऐकायचं. त्यांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल तर... असो.

त्या वाक्याला उत्तर आज दुपारी सुचलं. गाणाऱ्याचे कान आधीच गुंतलेले असतात, एक तानपुऱ्यात आणि एक स्वतःच्या आवाजात. त्यात मोबाईल बोलायला लागला तर सूर कुठे ठेवायचा? बोट मात्र मोकळं असतं. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचे, त्यांनी संगीतासाठीही हीच लिपी वापरली, यात मला नवल वाटत नाही. पेटीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचे दोन्ही हात अडकलेले, त्याला आधी पाठच करावं लागतं. काकू त्याच्यासाठी छोटे तुकडे पाडून द्यायच्या.

मला बोटांनी वाचता येत नाही, डोळ्यांनी येतं. दिवा बाजूने, अगदी कागदालगत धरला की ठिपक्यांची सावली पडते आणि दबलेले लगेच कळतात. चालेल, तेवढ्यावर काम होईल.

बाडं आडवी रचली होती, ती आधी उभी केली. वजनाने ठिपके बसतात. तळाच्या बाडांतली यमन आणि भूप रागांची पानं बरीच सपाट झाली आहेत. ती जाड कागदावर नव्याने टोचायची. चुकलेला ठिपका नखाने दाबून चालत नाही, त्याचा उंचवटा उरतो आणि बोट फसतं. चूक झाली की पान नवीन. तयार पान विद्यार्थ्याने बोटाने वाचायचं, मी छापील प्रत समोर धरून ऐकायचं. यमनपासून सुरुवात.