पान 87

पेपरात राज्याचा वकील सर्वोच्च न्यायालयात दिसतो तो आरक्षण, पक्षफूट, सीमाप्रश्न अशा प्रकरणांत. तेव्हा महाधिवक्ता मुंबईहून येतात, मागे ज्युनियरांच्या तीन रांगा, बाहेर कॅमेरे. त्याच इमारतीत दुसऱ्या कोर्टात सरकारी वकिलांच्या पॅनेलवरचा माझ्यासारखा कुणी पाझर तलावाची फाईल घेऊन उभा असतो. आमचा निम्मा वेळ ‘अपिलाला उशीर का झाला’ हे सांगण्यातच जातो.

त्या सोमवारची फाईल जालना जिल्ह्यातली. 1999 मध्ये तलावासाठी 1 हेक्टर 20 आर जमीन संपादित झाली. निवाड्यातला मोबदला कमी म्हणून शेतकरी 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खाली दिवाणी न्यायालयात गेला, तिथे तो वाढला, आणि ऑगस्ट 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो कायम केला. आम्हाला सर्वोच्च न्यायालयात यायला 90 दिवस होते. आम्ही त्यावर आणखी 847 दिवस घेतले.

हे 847 दिवस गेले कुठे? सरकारी वकिलाचा अभिप्राय, विशेष भूसंपादन अधिकारी, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, जलसंधारण, मग विधी व न्याय. प्रत्येक टेबलावर एक शेरा: ‘तपासून सादर करावे.’ तपासत कुणीच नाही, सादर सगळे करतात. दरम्यान जुन्या कायद्याप्रमाणे पहिल्या वर्षानंतर वाढीव रकमेवर दरसाल 15 टक्के व्याज चढतं. म्हणजे नुसत्या या उशिरात मूळ वाढीव रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बोजा पडला. मोबदला जास्त दिला म्हणून अपील, आणि अपिलाच्या वाटेवर त्याहून जास्त देणं.

विलंबमाफीच्या अर्जात प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं. त्यातला पाचवा परिच्छेद कोरोनाचा. कोरोनामुळे न्यायालयाने मुदती वाढवल्या होत्या त्या 28 फेब्रुवारी 2022 पर्यंत. आमचा निकालच त्यानंतरचा. जुन्या अर्जातून उचललेला परिच्छेद. तो काढा म्हणून मी दोनदा कळवलं होतं. ‘मंजूर मसुदा आहे, बदलता येणार नाही’ असं उत्तर आलं.

पण या वेळी माझ्याकडे खरा मुद्दा होता. सातबाऱ्यावर 31 आर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, आणि मोबदला मात्र सगळ्या जमिनीचा बागायती दराने. इथलं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे मराठी कागदांची भाषांतरं लागतात. भाषांतरकाराने ‘पोटखराब’चं ‘बॅड स्टमक’ करून ठेवलं होतं. चेंबरमध्ये आम्ही पोट धरून हसलो. मी ते दुरुस्त केलं, क्षेत्राचा तक्ता करून जोडला. दिल्लीत हे शब्द कळणारा वकील किती ठिकाणी भेटतो, असा थोडा तोराही होता.

आयटम 34. पुकारा झाल्यावर न्यायमूर्तींनी थेट पाचवा परिच्छेद काढला. “निकाल ऑगस्टमधला. कोरोना कुठून आला?” सरकारच्या उशिराकडे उदारपणे पाहणाऱ्या 1987 च्या कातिजी निकालाकडे मी वळणार, तोच दुसरे न्यायमूर्ती म्हणाले, “2012 नंतरचं वाचलंय ना?” वाचलं होतं. पोस्टमास्तर जनरलच्या प्रकरणात 427 दिवसांना माफी नव्हती मिळाली. मग त्यांनी विचारलं, ही सर्टिफिकेट केस आहे का?

बाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. 2020 मध्ये मध्य प्रदेशच्या एका अपिलात न्यायालयाने तो वापरला होता. खात्याला जिंकायचं नसतंच. ‘वरपर्यंत गेलो होतो, फेटाळलं’ असा कागद फाईलला लागला की कुणावर जबाबदारी येत नाही. तेव्हा 25 हजारांचा खर्च लावून तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं होतं.

माझ्याकडे एका वाक्याची जागा होती. मी म्हणालो, “नाही, माय लॉर्ड्स, 31 आर पोटखराब आहे.” न्यायमूर्ती म्हणाले, उशीर माफ झाला तर पोटखराब बघू. झाला नाही. दीड मिनिटात फेटाळलं, वर खर्च.

कॉरिडॉरमध्ये पन्नाशीचा एक माणूस थांबला होता. मूळ शेतकऱ्याचा मुलगा, सचखंडने आलेला. बाप अपील चालू असतानाच गेला.

“साहेब, तुम्ही आपल्याकडचे का?”

“हो.”

“मग आता याच्या वर नाही ना काही?”

पुनर्विलोकनाचा अर्ज असतो, पण सरकार करेल असं वाटत नाही, असं मी सांगितलं. मग तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, “ते पोटखराब तुम्ही म्हणालात ना, तेवढं मला कळलं. नाल्याकडची बाजू ती. दुष्काळात बाबांनी बैलगाडीने गाळ आणून टाकला तिथं, मोसंबी लावली. तलाठ्याला दहादा सांगितलं, नोंद काही झाली नाही.”

विरुद्ध पक्षाशी यावर बोलणं बरं नव्हतं. मी नमस्कार करून निघालो.

पाच वाजता कार्यालयातून फोन. 847 दिवस ज्यांना घाई नव्हती ते विचारत होते, “साहेब, आदेशाची प्रत आजच मिळेल का? गुरुवारी जिल्हाधिकारी साहेबांच्या गाडीच्या जप्तीची तारीख आहे.” जिंकलो का हरलो, ते त्यांनी विचारलंच नाही.

रात्री पेपरबुक, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचं बाड, पुन्हा उघडलं. पान 87, शेतकऱ्याची साक्ष. आमच्या भाषांतरात एक ओळ होती: नाल्याच्या बाजूला कचरा टाकला होता. मूळ मराठी पान मागे जोडलेलं. तिथे ‘गाळ’ लिहिलं होतं, आणि पुढच्याच ओळीत मोसंबीची चाळीस झाडं. ‘बॅड स्टमक’ पान 61 वर होतं. तिथपर्यंत मी मुळाशी ताडून पाहिलं होतं. माझा मुद्दा सापडल्यावर पुढचं नुसतं चाळलं.

उशीर माफ झाला असता तर तो तक्ता मी ठणकावून वाचला असता.