तुम्ही विचारलंत म्हणून : पोरीला पुण्याला धाडू का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर मुलींचे वडील येऊन बसतात. आई बहुतेकदा पायरीशी उभी असते, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती पोरगी तिच्याही मागे. मी अमळनेरला शाळेत गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. कुणी मराठीत विचारतं, कुणी आमच्या खान्देशातल्या अहिराणी बोलीत : "मॅडम, मनी पोरले पुनाले धाडू का?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "तठे जाईसन पोरी काय करतस?" म्हणजे, तिथे जाऊन पोरी करतात काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझं ठरलेलं आहे. हो, धाडा. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. चहा संपेपर्यंत ते सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते.

विचारणाऱ्यांच्या मनात तीनच चित्रं असतात : इंजिनियर, डॉक्टर, नाहीतर एमपीएससी. चौथं चित्र भीतीचं, ते कुणी बोलून दाखवत नाही. मी ज्या मुलींना ओळखते, त्यातल्या काही माझ्या वर्गातल्या, काही त्यांच्या बहिणी, काही नात्यातल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्या की भेटायला येतात, तेव्हा दुपारभर बोलणं होतं. त्यांची आयुष्यं या चित्रांत मावत नाहीत. नावं घेत नाही. आपल्याकडे माणूस गावावरून ओळखतात, तशी गावंच सांगते.

धरणगावची एक जण जीएनएम करून मुंबईत नर्स झाली. आता ऑपरेशन थिएटरला असते. तिची आई मला सांगायची, "मॅडम, पोरगी रात्रपाळी करते, जीव लागत नाही." मी एकदा तिच्याकडे राहिले, तेव्हा तिचा आठवडा पाहिला. नाइट संपवून सकाळी घरी येते, मुलाचा डबा भरते, दुपारपर्यंत गाढ झोपते. ज्या दिवशी सुट्टी असते त्या दिवशी दादरला किंवा माटुंग्याला नाटकाला जाते. एकटी. नवऱ्याला नाटकात झोप येते, म्हणून तो घरी मुलाजवळ थांबतो. प्रायोगिक नाटकं तिला जास्त आवडतात. कुठल्या प्रयोगात प्रकाश कसा वापरला, कुणाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, हे ती इतकं बारकाईने सांगते की मी ऐकतच बसले. शाळेत असताना ही मुलगी स्नेहसंमेलनात मागे पडदे ओढायला असायची. तिला नाटकाची एवढी ओढ आहे हे आम्हाला कुणाला कळलं नाही, आणि मला वाटतं, तिलाही नाही.

जळगावला नाटकं येत नाहीत असं नाही. येतात. पण प्रयोग रात्री साडेबाराला सुटणार, मग धरणगावच्या मुलीने घरी यायचं कसं? एसटी नाही, पॅसेंजर नाही, आणि कुणाची गाडी केली तर गावात चार तोंडांनी चार गोष्टी. मुंबईत नाटक संपल्यावरही लोकल असते, बायकांचा डबा असतो, आणि त्या डब्यात तिच्यासारख्या कामावरून, क्लासवरून, कुठून कुठून परतणाऱ्या बायका असतात. पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली ती 5 मे 1992 रोजी. तेव्हा आपल्याकडच्या कित्येक मुलींना सायकल मिळवायलाही घरात भांडावं लागत होतं. बाईला काय आवडतं हे तिचं तिला कळायला आधी तिच्या हातात एक मोकळी संध्याकाळ लागते आणि घरी परतायला वाहन लागतं. पगार, पद, पॅकेज यांची चौकशी सगळे करतात. संध्याकाळची चौकशी कुणी करत नाही. मी करते.

"मोठं शहर" म्हटलं की हल्ली पुणे-मुंबई डोळ्यापुढे येतं, पण आमच्या खान्देशातल्या माणसाचं जवळचं मोठं शहर सुरत आहे. भुसावळहून निघालेली गाडी अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत थेट तिथे जाते. लिंबायत, उधना भागात फिरा, अहिराणी कानावर पडते. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. श्रावणात आमची खान्देशी देवी कानबाई बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात. शिंदखेड्याची एक जण लग्न होऊन तिथे गेली. नवरा लूमवर. ही दहावी पास. शेजारणींबरोबर घरी बसून साड्यांना लेस लावायची, खडे चिकटवायची. साडीमागे ठरलेले पैसे मिळायचे, फार थोडे. तिने पाहिलं की मार्केटमधून माल आणणारा माणूस मधले पैसे खातो. रिंग रोडवरच्या मार्केटात ती स्वतः गेली, गुजराती येत नव्हती तेव्हा गेली. एका व्यापाऱ्याने नमुन्याला म्हणून थोड्या साड्या दिल्या. आज तिच्याकडे मशिनी आहेत, आठ-दहा बायका कामाला येतात, दिवाळीच्या आधी तर रात्री जागून काम चालतं. हिशेब वहीत अहिराणीत लिहिते, पार्टीशी गुजरातीत बोलते, मुलांना हिंदीत रागावते.

आणि तिची आवड कोणती? पोहणं. तापीच्या काठचं माहेर नव्हे, गावात विहिरी होत्या, पण विहिरीत मुलगे पोहायचे. चाळिशीला आल्यावर तिने तरणतलावात बायकांची बॅच लावली. "मॅडम, पाण्यात गेलं की डोक्यात साडी राहत नाही," असं म्हणाली. तिच्याबद्दल मी बाहेर सांगते तेव्हा लोकांना मशिनींचं कौतुक वाटतं. मला पोहण्याचंही तितकंच वाटतं.

कधी एखादे आजोबा म्हणतात, "आपल्यात असं नसतं." त्यांना मी सांगते, नाडगावची एक मुलगी जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकली, टेबल टेनिस खेळून बक्षिसं मिळवली, मुंबईला जाऊन कायदा शिकली, जळगावला वकिली केली आणि 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाली. 2007 मध्ये ती राष्ट्रपती झाली. प्रतिभाताई पाटील. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी मुंबई-दिल्लीला त्यांनी वसतिगृहं उभी केली, हे मला त्यांच्या पदाइतकंच मोठं वाटतं. शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. आपल्यातही असं असतं, आणि बऱ्याच आधीपासून असतं.

आता एमपीएससीबद्दल, कारण निम्म्या पालकांचा प्रश्न खरं तर तोच असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत, शास्त्री रोडच्या आसपास अभ्यासिकांमध्ये आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पुष्कळ मुली बसलेल्या आहेत. कॉटबेसिसवर राहतात, मेसचा एकच डबा दोन वेळांना पुरवतात, गावाकडून आलेले बिबडे (ज्वारीचे पापड) आणि शेव महिनाभर जपून खातात. त्यांच्या कष्टाबद्दल मला अपार आदर आहे. पण जागा थोड्या आणि बसणारे लाखो. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, आणि पोरीचं वय इकडे घरच्यांच्या डोळ्यात भरायला लागतं. चोपड्याची एक मुलगी तीनदा मुलाखतीपर्यंत गेली आणि थोडक्या गुणांनी राहिली. तिच्या वडिलांनी तेव्हा एक शब्द वाईट बोलला नाही, हे त्या माणसाचं थोरपण. ती आता तिथल्याच एका क्लासमध्ये राज्यघटना शिकवते आणि तिच्या वर्गाला गर्दी असते. रविवारी पहाटे सिंहगड चढते. मी पालकांना सांगते, जायच्या आधीच पोरीबरोबर बसून ठरवा : किती वर्षं, आणि ती संपल्यावर दुसरा रस्ता कोणता. हे तिने ठरवावं, तुम्ही ऐकून घ्यावं.

भीतीचं बोलते. ती खोटी नाही. एकट्या मुलीला खोली द्यायला घरमालक कां-कू करतात. जात विचारतात, मटण खाता का विचारतात, रात्री दहाच्या आत यायचं म्हणतात. भडगावची एक जण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, तिने अशा खोल्या इतक्या बदलल्या की शेवटी कर्ज काढून स्वतःचा एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. लग्न केलेलं नाही. तिच्या घरी पुस्तकांची दोन कपाटं आहेत, गॅलरीत कढीपत्ता आहे, आणि ती कळण्याची भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापते. तिच्या आईला लोक विचारतात, "तिचं काही जमलं का?" आई आता ठामपणे सांगते, "तिचं सगळं जमलेलं आहे." हे म्हणायला त्या माउलीला बरीच वर्षं लागली, आणि त्या वर्षांत दोघी खूप रडल्या आहेत. हेही तुम्हाला सांगायला हवं.

भीतीवर उपाय घरात कोंडणं हा नाही, माहिती हा आहे. पोरीला ठाऊक असू द्या की दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची सोय मालकाला करावी लागते. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी केंद्राच्या योजनेतली सखी निवास वसतिगृहं आहेत. अडचणीत 112 नंबर. हे सगळं कागदावर आहे तसं प्रत्यक्षात होत नाही, पण ज्या मुलीला हे माहीत असतं ती वरिष्ठासमोर वेगळ्या आवाजात बोलते. मी ते ऐकलेलं आहे.

जाणाऱ्या सगळ्या तिथेच राहतात असंही नाही. एरंडोलची एक मुलगी पुण्यात एका बेकरीत काही वर्षं होती, हाताखालून सुरुवात करून केक सजवण्यापर्यंत पोचली. मग परत आली आणि बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. ती आली तेव्हा गल्लीत एकच विषय : "तिकडे काय झालं असेल?" काही झालं नव्हतं. तिला इथलीच सकाळ हवी होती, आईच्या हातचं भरीत हवं होतं आणि स्वतःच्या नावाचा बोर्ड हवा होता. मुलगा परत आला की "गावाची ओढ" म्हणतो आपण. मुलगी परत आली की तिच्याकडे संशयाने पाहतो. मला याचा राग येतो, आणि मी तो लपवत नाही. जाणं हा जसा तिचा निर्णय, तसं येणंही तिचाच. आता एरंडोल-धरणगावकडचे वाढदिवस तिच्या केकवर होतात, आणि दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. ती एकटी शटर ओढते, गाडीला किक मारते, घरी जाते. त्या रस्त्यावर आता आणखी दोन दुकानं बायकांची आहेत.

तर जे बाप या जूनमध्ये येणार आहेत त्यांच्यासाठी. फीचं कारण सांगू नका. 2024 पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, ओबीसी-एसईबीसीला जातीचा दाखला लागतो, नॉन-क्रिमिलेयर लागतं. ते काढायला तुम्ही धावू नका. तिला पाठवा सेतूमध्ये, एकटीला. सर्व्हर बंद असेल, बाबू उद्या या म्हणेल, फोटो कमी पडेल. तिला उद्या परत जाऊ द्या. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, जळगावला दोन खेपा झाल्या तरी परवडतं. बँकेत तिच्या नावाचं खातं काढा आणि एटीएमचं कार्ड भावाच्या पाकिटात नको, तिच्या पर्समध्ये राहू द्या. दाखले हातात आले की पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं सीट तिलाच तिच्या मोबाइलवर बुक करू द्या. खिडकीची घ्यायची की आतली, तेही तिलाच विचारा.