ओव्हन नाही, खोका आहे
आज दिवसभर एका खोक्याची राखण केली. तापवून पक्का करायचा कार्बन फायबरचा पार्ट इतका लांब की घरच्या कुठल्याच ओव्हनमध्ये मावणार नाही. मग फॉइल लावलेल्या पॉलिआयसो फोमच्या (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या) शीट उभ्या करून टेपने जोडल्या. हीटर बाहेर, गरम हवा पाइपने आत. थर्माकोल मुद्दाम टाळला, तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो.

एवढा खटाटोप कशाला, असं घरच्यांनी विचारलंच. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी (कार्बन फायबरचे धागे धरून ठेवणारं रेझिन) हाताला दगडासारखं लागतं, पण बहुतेक वेळा ५०-६० अंशांना नरम पडतं. काळा पार्ट कडक उन्हात तेवढा सहज तापतो. म्हणून तो आधीच हळूहळू तापवून घ्यायचा, म्हणजे नंतर उन्हात नरम पडत नाही.

गरम करणं सोपं हो, सगळीकडे सारखं गरम करणं महाकठीण! वरच्या कोपऱ्यातला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ६२ दाखवत होता, तेव्हा खाली पार्टच्या पोटाशी ४४. साच्यासकट पार्ट विटांवर उचलला, आत एक छोटा पंखा फिरता ठेवला, तेव्हा कुठे फरक ४-५ अंशांवर आला. तापमान तासाला साधारण १० अंशांनीच चढवलं. घाई केली की क्युअरिंग (इपॉक्सी पक्कं होणं) मागे राहतं, उष्णता पुढे पळते आणि पार्ट वाकतो. साच्यातून आधी काढायचा नाही तो यासाठीच.

हीटर चालू असताना मी जागचा हललो नाही, शेजारी अग्निशामक होताच. आता हीटर बंद आहे, तरी ४० च्या खाली येईपर्यंत खोका उघडणार नाही. कुणी डोकावायचा हट्ट धरू नये, फोटो उद्या टाकतो.