टर्मिनलवरून कंटेनर सांभाळताना: माझा अनुभव

कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवायचे बंदिस्त कप्पे, सांभाळायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्या सर्व्हरवर बटणं असलेलं कुठलंही पॅनेल नव्हतं. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने) लॉगिन करायचं आणि जे काही करायचं ते टर्मिनलवरून. कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या सॉफ्टवेअरमध्ये काही सेवा चालू होत्या. त्यातली जावामध्ये लिहिलेली एक सेवा अधूनमधून पडायची आणि कोणी हात लावायच्या आत पुन्हा उभी राहायची. वापरणाऱ्यांच्या तक्रारी यायच्या, पण बघायला जावं तर सगळं सुरळीत. तिच्या मागे लागूनच मी डॉकरच्या कमांड खऱ्या अर्थाने शिकले.

पहिला धागा सापडला तो अगदी साध्या ठिकाणी. ‘डॉकर पीएस’ मारलं की चालू कंटेनरांची यादी येते. त्यात ‘क्रिएटेड’ आणि ‘स्टेटस’ असे दोन रकाने शेजारीशेजारी असतात. बाकीच्या सेवांमध्ये दोन्हीकडे साधारण एकच काळ दिसत होता. या सेवेपुढे मात्र कंटेनर तयार होऊन काही आठवडे झालेले आणि चालू होऊन जेमतेम काही मिनिटं. म्हणजे मधल्या काळात तो मरून परत जिवंत झाला होता. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘रीस्टार्टकाउंट’ नावाची नोंद असते, तिथला आकडा बघून शंका उरली नाही.

आपोआप उठण्यामागे रीस्टार्ट पॉलिसी होती. कंटेनर पडला की डॉकर १०० मिलिसेकंद थांबून त्याला उठवतो, पुन्हा पडला तर थांबण्याचा वेळ दुप्पट, असं करत जास्तीत जास्त एक मिनिटापर्यंत. सेवा चालू ठेवायला हे उत्तमच. पण कारण शोधणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, कारण बघायला जावं तोवर नवी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) उभी असते. पडणं-उठणं सारखं चालू असेल तर ‘डॉकर एक्झेक’ने आत शिरताही येत नाही, कंटेनर रीस्टार्ट होतोय असं सांगून डॉकर परत पाठवतो. म्हणून रात्री, वापर नसताना, मी आधी ‘डॉकर अपडेट --रीस्टार्ट=नो’ दिलं. ही कमांड चालू कंटेनरलाही लागू होते, नवा बनवावा लागत नाही. मग चाचणीचा भार टाकून सेवा पडायची वाट बघितली, आणि पडल्यावर तिला तशीच पडू दिली.

मेलेल्या कंटेनरमध्ये भरपूर माहिती शिल्लक असते. ‘डॉकर आरएम’ करेपर्यंत त्याचे लॉग, त्याच्या आतल्या फायली, त्याचा एक्झिट कोड (थांबताना मागे राहणारा आकडा) सगळं जागच्या जागी असतं. ‘डॉकर लॉग्ज --टेल १००’ने शेवटच्या ओळी वाचता येतात, ‘डॉकर सीपी’ने बंद कंटेनरमधूनही फायली बाहेर काढता येतात, आणि मूळ इमेजच्या (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्याच्या) तुलनेत आत काय बदललं ते ‘डॉकर डिफ’ दाखवतो. काही अडलं की कंटेनर उडवायचा आणि नवा चालू करायचा, अशी सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. मला ती अजिबात पटत नाही. पुरावा आपणच पुसून टाकायचा आणि मग कारण सापडत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

या सेवेच्या लॉगमध्ये मात्र शेवटी काहीच नव्हतं. ना एरर, ना निरोपाची ओळ. नेहमीच्या नोंदी चालू असताना मधेच सगळं थांबलेलं. ‘डॉकर पीएस -ए’मध्ये स्टेटस होतं: एक्झिटेड, कंसात १३७. १२८च्या वरचा कोड दिसला की त्यातून १२८ वजा करायचे, उरतो तो सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या इशाऱ्याचा, क्रमांक. इथे ९ उरला, म्हणजे सिगकिल, तत्काळ मारणारा सिग्नल. हा सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही, त्यामुळे जाताना दोन शब्द लिहायलाही तिला वेळ मिळत नाही. लॉग असा तुटलेला का, याचं उत्तर तिथेच मिळालं.

पण १३७ म्हणजे मेमरी संपली, असं लगेच ठरवू नका. कोणी ‘डॉकर किल’ केलं तरी हाच कोड येतो. खात्री करायची जागा वेगळी: ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘स्टेट’खाली ‘ओओएमकिल्ड’ अशी ओळ असते, मेमरी संपल्यामुळे मारलं का ते सांगणारी. तिथे ‘ट्रू’ होतं. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, ‘डीमेसेज’ बघितलं तर कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) कुठली प्रोसेस मारली त्याचीही नोंद सापडली.

मारणारा डॉकर नव्हता, लिनक्सचा कर्नल होता, हे इथे नीट कळलं. कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे. ती होस्टवरचीच प्रोसेस असते, फक्त नेमस्पेसमुळे तिला बाकीचं जग दिसत नाही आणि सीग्रुपमुळे तिला मेमरी, सीपीयूची मर्यादा पडते. सीग्रुपचं काम गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ते कर्नलचा भाग झालं. डॉकर आला २०१३ मध्ये. मर्यादा घालणारी आणि ती ओलांडली की मारणारी यंत्रणा त्याच्याही आधीची.

पुढचं सोपं होतं. कंटेनरला जेवढी मेमरी दिली होती, तेवढाच आकडा जावाच्या हीपसाठी (प्रोग्रॅमच्या डेटासाठीच्या मेमरीसाठी) ‘एक्सएमएक्स’मध्ये भरलेला होता. पण जावा फक्त हीप वापरत नाही. थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस, बफर हे सगळं त्या बाहेर जातं. हीप भरत आला की एकूण वापर मर्यादेपलीकडे जाणारच. आता हीपचा वाटा ‘मॅक्सरॅमपर्सेंटेज’ने टक्केवारीत दिला आहे, आणि ‘डॉकर स्टॅट्स’मध्ये भार असतानाही मोकळी जागा दिसते.

हे मिटलं आणि त्यातूनच दुसरी गोष्ट वर आली. बदल करताना सेवा वारंवार थांबवावी लागत होती, आणि प्रत्येक ‘डॉकर स्टॉप’ला बरोबर दहा सेकंद लागत होते. थांबल्यावर कोड पुन्हा १३७, पण आता ‘ओओएमकिल्ड’ ‘फॉल्स’. ‘डॉकर स्टॉप’ आधी सिगटर्म, म्हणजे आवरतं घ्यायचा सिग्नल, पाठवतो, दहा सेकंद वाट बघतो आणि मग सिगकिल देतो. म्हणजे सिगटर्म आमच्या सेवेपर्यंत पोचतच नव्हता. ‘डॉकर टॉप’ मारलं तर वर बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) आणि तिच्या पोटात जावा. एंट्रीपॉइंटची, म्हणजे कंटेनर उठताच चालणारी, स्क्रिप्ट शेवटच्या ओळीत जावा चालू करायची आणि स्वतः पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस, म्हणून बसून राहायची. पीआयडी १ ने सिग्नलसाठी स्वतःची सोय केली नसेल तर कर्नल सिगटर्म त्याला लागूच करत नाही, आणि बॅश तो जावाकडे पुढेही ढकलत नाही.

उपाय एका शब्दाचा. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला ‘एक्झेक’ लिहिलं की बॅशच्या जागी जावाच पीआयडी १ होते. पुढच्या वेळी सेवा लगेच थांबली आणि कोड आला १४३, म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्म. लॉगमध्ये डेटाबेसची कनेक्शन बंद केल्याच्या ओळीही पहिल्यांदा दिसल्या. तो १४३ बघून मला फार बरं वाटलं. अर्धवट राहिलेले व्यवहार, लटकलेली कनेक्शन, हे सगळं त्या न लिहिलेल्या एका शब्दामुळे होत होतं.

नेटवर्कबद्दल एवढंच सांगते की पोर्ट उघडताना ‘-पी ८०८०:८०’ असं लिहिलं तर ते सगळ्या इंटरफेसवर उघडतं, आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम त्याला अडवत नाहीत. फक्त त्याच मशीनवरून हवं असेल तर त्या आकड्यांच्या आधी १२७.०.०.१ लावायचंच.

शेवटचा त्रास डिस्कचा. जागा भरत चालली होती आणि ‘डॉकर सिस्टम डीएफ’चा हिशेब जुळत नव्हता. कारण त्यात लॉगच्या फायली धरल्या जात नाहीत. डॉकरचा मूळचा ‘जेसन-फाइल’ ड्रायव्हर लॉग आपणहून कापत नाही, फाइल वाढतच राहते. अशा वेळी ‘डॉकर सिस्टम प्रून’ सुचवलं जातं, पण त्याने चालू कंटेनरचे लॉग हलत नाहीत, उलट बंद पडलेले सगळे कंटेनर पुराव्यासकट जातात. मी डीमनच्या (मागे सतत चालणाऱ्या मूळ डॉकर सेवेच्या) सेटिंगमध्ये लॉगना मर्यादा घालणारे ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ घातले आणि डॉकर रीस्टार्ट केला. हे सेटिंग आधीच्या कंटेनरांना लागत नाही, नव्याने बनणाऱ्यांनाच लागतं. त्यामुळे डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या साठ्यात) आहे ना हे तपासत एकेक कंटेनर नव्याने बनवला, आणि प्रत्येकाच्या ‘इन्स्पेक्ट’मध्ये ‘लॉगकॉन्फिग’खाली दोन्ही आकडे दिसल्यावरच पुढच्याकडे वळले.