संक्रांतीनंतरचा रविवार आणि अठरा बास्केट

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भाषणं, सत्कार, पंगत सगळं असायचं, पण खरी गर्दी जमायची सकाळी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माळावर, डिस्क गोल्फला, म्हणजे चपटी तबकडी (डिस्क) कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत (बास्केटमध्ये) घालायच्या खेळाला. दिवस संक्रांतीनंतरच्या रविवारचा. तोवर भाताची मळणी उरकलेली असते, गवत वाळून खाली बसतं, ओढ्याचं पाणी घोट्याएवढं होतं. पावसाळ्यात तोच माळ डिस्क गिळून टाकतो.

अठरा होल, म्हणजे फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचे अठरा टप्पे, तीन किलोमीटरच्या वर. बास्केट विकत घेणं परवडत नाही, पण बेळगावच्या उद्यमबागेत जोडकाम करणाऱ्यांची वाण नाही. मधे जीआय पाइप, खाली टोपली, वर कड्याला टांगलेल्या साखळ्या. टोपलीचा काठ जमिनीपासून साधारण 82 सेंटिमीटरवर. साखळ्यांचे थर दोन हवेत, बाहेर बारा आणि आत सहा. एकच थर ठेवला की डिस्क फटीतून पलीकडे जाते. साखळ्या खाली आवळून बांधल्या तर आदळून परत येते; खालचं कडं सैलच ठेवायचं, म्हणजे साखळ्या मागे सरून वेग शोषून घेतात. कॅलिफोर्नियात 1975 साली ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला, तेव्हा नेम धरायला नुसते खांब होते. साखळीची टोपली तो कोर्स आखणाऱ्या एड हेड्रिक यांनी नंतर काढली, आणि डिस्क लागली की नाही हा वाद मिटला. मेळाव्यात मात्र तो दरवर्षी नव्याने व्हायचा.

जांभ्या दगडात खड्डा खणणं म्हणजे पहार मोडून घेणं. म्हणून पाइप सिमेंट भरलेल्या डब्यात उभा करायचा आणि वाऱ्याच्या बाजूने दगड लावायचे. टी, म्हणजे पहिली फेक करायची जागा, म्हणून दीड बाय तीन मीटरचा सपाट तुकडा निवडायचा आणि तो खराट्याने झाडून घ्यायचा. हे शेवटचं काम कंटाळून सोडलं की धाव घेताना बारीक खड्यांवरून पाय सटकतो आणि गुडघा दुखावतो. नवख्यांची फेक पन्नास-साठ मीटरच्या पुढे क्वचित जाते, म्हणून त्यांची टी बरीच पुढे. हा बदल झाल्यापासून वहिनी आणि शाळकरी पोरं शेवटच्या होलपर्यंत टिकू लागली.

सगळ्यांचा लाडका सातवा होल. सड्याच्या काठावरून उतार, मधे करवंदीच्या जाळ्या, खाली ओढ्याकाठी बास्केट, पश्चिमेला सह्याद्रीची रांग. तिथे येऊन जोर लावला नाही असा माणूस विरळा, आणि तिथेच गाडी बिघडते. उतारावर डिस्क जास्त वेळ हवेत राहते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढून, टाकणाऱ्याची डिस्क शेवटी डावीकडे कलतेच. उतारावर त्या कलाला वेळही जास्त मिळतो आणि ती सरळ करवंदीत जाते. ड्रायव्हर (लांब पल्ल्याची डिस्क) पिशवीत ठेवून मिडरेंज (मध्यम पल्ल्याची) घ्यावी, पुढची कड किंचित खाली धरावी आणि नेम थोडा उजवीकडे ठेवावा. पुढची कड वर राहिली की समोरचा वारा डिस्क उचलून थांबवतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हलकी, झिजलेली डिस्क उजवीकडे उलटते. तेव्हा सहज न उलटणारी जड डिस्क कमी उंचीवरून फेकलेली बरी. वारा पाठीमागून असेल तर उलट: डिस्क लवकर खाली येते, म्हणून जरा उंच टाकावी.

लांब कोर्सवर फेकी वाया जातात त्या दुसऱ्या फेकीत. पहिली जाळीत गेली की माणूस जाळीतूनच बास्केट गाठायला बघतो. आडवी, दहा-पंधरा मीटरची फेक करून मोकळ्यावर येणं त्याला कमीपणाचं वाटतं. पुढे तीन फेकी खर्ची पडतात. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं, मग एक फेक दंड. बास्केटपासून दहा मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं. तिथे पुढे झोकांडी जाणारे बहाद्दर पुष्कळ.

बांधापलीकडचं हरभऱ्याचं रान हद्दीबाहेर, तिथेही एक फेक दंड. "मामा, एक डिस्क आलीया बघा तुमच्या हरभऱ्यात." "घ्या की, पण एकट्यानंच या, पोरं घालू नका आत." हे बोलणं इतकं ठरलेलं, की मंडळाने मामांनाच पंच नेमायला हवं होतं.

सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटायचे, गटात चौघे. पाचवा घुसला की मागच्या गटाचा खोळंबा होतो आणि पंगत लांबते. जोंधळ्याची भाकरी, मसुरीची आमटी आणि कुंदा वाट बघत असताना ते कुणाला परवडणार? बरोबरी झालीच तर जेवणाच्या मांडवाजवळच्या होलवर फैसला, तोही अर्ध्या गावासमोर.

बक्षिसं वाटून झाली की बास्केट ट्रॉलीत चढवायच्या. त्याआधी प्रत्येक बास्केटच्या साखळ्या सुतळीने खांबाला बांधायच्या. नाहीतर त्या एकमेकींत अडकतात आणि पुढच्या वर्षीचा शनिवार गुंता सोडवण्यात जातो.